नावाआधीचं ह.भ.प.

या, असे पुढे सरकून बसा. खांबाला टेकून बसणाऱ्याला कथा अर्धी कळते आणि झोप मात्र पुरी लागते. मोबाइल खिशात ठेवा, आणि चपला कुठे काढल्यात तेही ध्यानात ठेवा, कारण चपलांचं काम पुढे पडणार आहे. आज एका म्हाताऱ्या बाईची, एका हट्टी गृहस्थाची आणि एका मंद संगणकाची गोष्ट सांगायची आहे. गोष्टीत देवही आहे, पण त्याला फारसं काम नाही.

शनिवार पेठेत हरिकथा मंडळाची एक खोली आहे. खाली उदबत्त्यांचं दुकान, वर मंडळ, त्यामुळे पावित्र्य आपोआप जिना चढून येतं. खोलीत गोपाळकृष्ण बसतात. वीज कंपनीच्या बिल विभागातून निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात किंवा बायकोच्या मागे लागतात; गोपाळकृष्ण मंडळाच्या ध्वनिमुद्रणांच्या मागे लागले. जुन्या कीर्तनांच्या कॅसेटी खोक्यांत पडून बुरशी धरत होत्या. त्यांनी त्या सगळ्या संगणकावर चढवल्या. नुसत्या चढवल्या नाहीत, प्रत्येक कीर्तनाचे तुकडे पाडले. नमन वेगळं, निरूपण वेगळं, आख्यान वेगळं, बुवांनी उशिरा येणाऱ्याला मारलेला टोमणा वेगळा आणि त्यावरचा हशा वेगळा. दर तुकड्याची एक नोंद, दर नोंदीत कीर्तनकाराचं नाव आणि बोललेला मजकूर. नोंदी लाखांच्या घरात गेल्या. संगणक मात्र कुणीतरी पुण्य लागावं म्हणून दिलेला होता, आणि पुण्यासाठी दिलेल्या वस्तू कशा असतात ते आपण सगळे जाणतो.

‘शोधा’ दाबलं की पडद्यावर एक गोल फिरायला लागे. तो फिरत असताना चहा टाकावा, उकळू द्यावा, गाळावा, प्यावा, कप विसळून पालथा घालावा, तरी गोल फिरतच. शेवटी कधी नोंद येई, बहुतेक वेळा ‘वेळ संपली’ असा निरोप येई. गोपाळकृष्णांनी भिंतीवर पाटी लावली होती: ‘शोध चालू आहे. झालं का असे विचारू नये. झाल्यास दिसेल.’ कुणी तरीही विचारलंच तर ते म्हणत, “घाई असेल तर रेडिओ लावा.”

असं बरं चाललं होतं. मग एके दिवशी समोरच्या इमारतीतून मथुराबाईंनी बोलावणं धाडलं.

मथुराबाई म्हणजे एकेकाळच्या नावाजलेल्या कीर्तनकार. नव्वदी ओलांडली, पण जीभ तिशीतच थांबली होती. भाची प्रेमला त्यांचं सगळं करायची आणि बदल्यात सगळं ऐकून घ्यायची. त्यांचा एक कान केव्हाच गेला होता, आणि दुसराही जायला निघालाय, असं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं.

“गोपाळ, ये. उजवीकडे बस. डावीकडे बसलास तर भिंतीशी बोलल्यासारखं होईल.”

“काय मावशी, बोलावलंत?”

“कान मिटायच्या आत मला एक ऐकायचंय. आमच्या ह्यांना.”

गोपाळकृष्ण विचारात पडले. मथुराबाईंचे यजमान नागोराव पेटी वाजवायचे. बायको उभी, नवरा बसलेला, असं त्या काळी उलटं दिसणारं जोडपं. “मावशी, नागोरावांनी कधी कीर्तन केल्याचं आठवत नाही मला.”

“केलंच नाही. पेटीच वाजवली. पण मध्ये बोलायचे की. विसरलास?”

गोपाळकृष्णांना आठवलं, आणि आठवताच हसू आलं. आख्यान रंगात आलेलं असे, सुदामा द्वारकेच्या दाराशी पोचलेला असे, आणि मथुराबाई श्वासाला म्हणा, पुढचं सुचेना म्हणून म्हणा, क्षणभर थांबत. तेवढ्यात नागोराव पेटीवरून मान न उचलता म्हणत, “बरं, मग?” सुदाम्याचं पुढे काय झालं ते त्यांनी शेकडो वेळा ऐकलेलं असायचं. तरी विचारायचे असे, जणू ह्या खेपेला द्वारपालाने त्याला हाकलूनच दिलं असेल.

“ते गेल्यापासून मला कुणी ‘बरं, मग?’ विचारलेलं नाही,” मथुराबाई म्हणाल्या. “ही प्रेमला विचारते, पण ‘गोळी घेतली का? मग?’ असं. त्याने आख्यान पुढे जात नाही.”

“मावशी, मी आज गोळी घेतली का, इतकंच विचारलं होतं,” प्रेमला स्वयंपाकघरातून म्हणाली.

“बघ. गोळीच.”

गोपाळकृष्ण खोलीवर परतले. काम सोपं होतं. साथीदारांची नावं नोंदींत नव्हतीच, पण मथुराबाईंचं नाव शोधलं की त्यांची कीर्तनं मिळणार, आणि कीर्तनात नागोराव असणारच. त्यांनी आदराने पूर्ण नाव टाइप केलं: ह.भ.प. मथुराबाई. मागे एका भाविक मुलाने अशा पूर्ण नावांसाठी काहीतरी जलद सोय करून ठेवली होती. उत्तर ताबडतोब आलं: नोंद नाही.

हे शक्यच नव्हतं. मथुराबाईंच्या कॅसेटीवरची बुरशी त्यांनी स्वतःच्या हातांनी पुसली होती. मग त्यांनी दुसरी खिडकी उघडली, ‘नावात कुठेही’ असा शोध घेणारी, आणि नुसतं मथुराबाई टाकलं. गोल फिरू लागला. चहा झाला. पुन्हा चहा झाला. वेळ संपली. पुन्हा प्रयत्न करा. केला. वेळ संपली. दुसऱ्या दिवशीही संपली, तिसऱ्याही. रोज संध्याकाळी समोरच्या गॅलरीतून मथुराबाई हाताने ‘काय?’ अशी खूण करत, आणि गोपाळकृष्ण हाताने ‘चालू आहे’ अशी. पाटीवरचं वाक्य आपल्यालाच लागू पडेल असं ती लिहिताना त्यांना वाटलं नव्हतं.

शेवटी त्यांनी आपल्या बिल विभागातल्या जुन्या सोबत्याला, येरवड्याच्या रामदासला फोन केला. रामदासची लेक दीक्षा खराडीच्या एका कंपनीत डेटाबेसचंच काम करायची. ती रविवारी सकाळी स्कूटरवरून आली, हेल्मेट काढलं, पाटी वाचली आणि म्हणाली, “काका, ही तुम्ही लिहिलीत? मी आमच्या ऑफिसात लावू का?”

“खाली मंडळाचं नाव टाकावं लागेल.”

दीक्षा बसली. आधी सगळ्या नोंदींची एक प्रत काढून बाजूला ठेवली, मग संगणकाला एक आज्ञा दिली.

“हे काय विचारलंस त्याला?”

“विचारलं, तू नाव शोधायला नेमका कसा जातोस ते सांग. हा सांगतोच, लपवत नाही. बघा. पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सगळं वाचतो. दरवेळी.”

“सगळं?”

“काका, कीर्तन संपल्यावर आपली चप्पल शोधायची असेल तर काय करतो आपण?”

“दुसऱ्याची घालून जातो.”

“ते झालं पेठेतलं. प्रामाणिक माणूस दाराच्या पहिल्या जोडापासून एकेक बघत जातो. हा संगणक तसा प्रामाणिक आहे. पण चपला-स्टँड असेल तर बिल्ला दाखवायचा, की थेट त्या कप्प्याशी. इंडेक्स म्हणजे तो बिल्ला. नावं क्रमाने लावून ठेवायची, शेजारी कप्प्याचा पत्ता.”

“पण ते इंडेक्स मागे एका भाविक मुलाने लावलं होतं की. लावून वाघोलीला राहायला गेला.”

“लावलंय ना, दिसतंय,” दीक्षा म्हणाली आणि पडद्यावर वाकून बघत राहिली. मग तिने खुर्ची फिरवली. “काका, एक विचारू? ह्या सगळ्यांची नावं ‘ह’नेच का सुरू होतात?”

गोपाळकृष्णांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने विचारलं होतं की देवळात सगळे अनवाणी का. “ह.भ.प. हरिभक्तपरायण. कीर्तनकाराच्या नावाआधी लावतात.”

“सगळ्यांच्या?”

“एखाद्याच्या आधी प.पू. असतं. गुरुवर्य असतं. कीर्तनकेसरी असतं.”

“आणि ह्यांच्या आधी ते सगळंच आहे.” तिने एका नोंदीवर बोट ठेवलं. ‘ह.भ.प. प.पू. गुरुवर्य कीर्तनकेसरी विद्यावाचस्पती’ एवढ्यात नावाचा खाना भरून गेला होता. पुढे नाव नव्हतंच. मान सगळा मावला होता, माणूस कापला गेला होता.

“हे कोण, काका?”

गोपाळकृष्णांनी चष्मा काढून पुसला. “आता सांगता येणार नाही.”

“इथे गोम आहे बघा. इंडेक्स नावाच्या पहिल्या अक्षरापासून लागतो. आणि तुमच्याकडे पहिल्या अक्षरापासून मान. अमुक बुवांच्या आधी नेमका कुठला मान, किती, कुठल्या क्रमाने, ते तंतोतंत माहीत असेल तरच बिल्ला लागतो. नाही तर ‘नावात कुठेही’ म्हणून शोधावं लागतं, आणि ‘कुठेही’ म्हटलं की बिल्ला फेकून द्यायचा आणि एकेक चप्पल बघत सुटायचं. आमच्या बाबांची गायन पार्टी होती. तिथे गाणाऱ्याच्या नावाआधी काही लावत नाहीत, लावायचं ते मागे लावतात. ‘रामदास आणि पार्टी.’ ती सापडते.”

“मग उपाय?”

“ह.भ.प. काढायचं.”

खालच्या उदबत्तीवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून गोपाळकृष्णांनी आधी उठून दार लावून घेतलं.

“दीक्षा,” गोपाळकृष्ण म्हणाले, “उद्या म्हणशील, बुवांचा फेटा काढा, दारातून जायला अडतो.”

“फेकायचं नाही, काका. मानाला वेगळा खाना करू. पडद्यावर दोन्ही शेजारी शेजारी दिसतील, ह.भ.प. आणि नाव, आत्तासारखेच. आत फक्त खोल्या वेगळ्या. इंडेक्स नुसत्या नावाचा.”

“म्हणजे आत, यंत्राच्या पोटात, बुवांना नुसत्या नावाने हाक मारायची. अरे-तुरे.”

“यंत्राला लाज नसते हो.”

“मला आहे.”

गोपाळकृष्णांनी अध्यक्षांना फोन लावला, ते तरी नाही म्हणतील ह्या आशेने. अध्यक्ष जयसिंगराव वाघोलीचे. शेताच्या जागी इमारती आल्यापासून मंडळाच्या उत्सवाला मंडप त्यांचा असे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“काढा की. आमचं काय जातंय? पन त्या नोंदीत ‘मंडप सौजन्य’ म्हणून आपलं नाव हाय न्हवं? त्याला बी लावा ते इंडेक्स. शोधलं की खटकन आलं पायजे. आन खजिनदारांचं बी लावा, ते रुसत्यात.”

फोनमधला आवाज दीक्षापर्यंत येत होता; ती नकारार्थी मान हलवत होती. “नको, काका. एकेक इंडेक्स म्हणजे लग्नातला एकेक मानाचा पाहुणा. नवी नोंद आली की तिला दर इंडेक्सापाशी जाऊन पाया पडावं लागतं. सगळ्या खान्यांना लावलंत तर शोधणं जमेल, पण नवीन कीर्तन चढवायला चातुर्मास लागेल. जे रोज शोधलं जातं तेवढ्यालाच लावायचं.”

गोपाळकृष्ण फोनमध्ये म्हणाले, “जयसिंगराव, आपल्याला शोधायची वेळच येत नाही. आपण पहिल्या रांगेत असता.”

“ते बी खरं,” जयसिंगराव म्हणाले आणि त्यांनी समाधानाने फोन ठेवला.

म्हणजे ही वाटही बंद झाली. अध्यक्षांची हरकत नव्हती, मुलीची तयारी होती, आणि अडून बसला होता तो एकटा गोपाळकृष्ण. आयुष्यभर ज्यांच्या पायांशी बसून ऐकलं, ज्यांच्या हातून कपाळी बुक्का लावून घेतला, त्यांची नावं एकेक करून उघडी करायची. इकडे समोरच्या गॅलरीत मथुराबाई येऊन बसल्या होत्या आणि हाताने विचारत होत्या: काय?

ह्या वेळी त्यांनी हाताने उत्तर दिलं नाही. जिना उतरले, गल्ली ओलांडली, दुसरा जिना चढले. दीक्षाही मागोमाग गेली. उजव्या कानाशी बसून त्यांनी सगळं सांगितलं, चपलांसकट.

मथुराबाई ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “गोपाळ, मी पन्नास वर्षं देवाला हाका मारल्या. एकदा तरी ‘श्रीयुत विठ्ठल’ म्हटलेलं ऐकलंस?”

“नाही, मावशी.”

“अरे विठ्ठला म्हटलं. कधी कधी तर त्याहून वाईट म्हटलं. गजराला टाळ चुकले की काय काय बोललेय त्याला, ते तुझ्या त्या खोक्यात असेल. तो आला की नाही ते सोड. पण आपण कुणाला बोलावतोय, हा घोळ तरी झाला नाही कधी. आणि तुझे हे बुवा काय त्याच्याहून मोठे?”

“तसं नाही, पण मान…”

“मानाचं मला सांगू नकोस. मी कीर्तनाला उभी राहिले तेव्हा पत्रिकेत बुवांना ह.भ.प. आणि मला सौ. लावायचे. हरीची भक्ती बुवांची आणि माझा फक्त नवरा. त्या सौ.साठी आमचे हे मात्र कायम पेटीवर हजर.” त्या दीक्षाकडे वळल्या. “मुली, काढ ते. माझं आधी काढ.”

गोपाळकृष्णांनी हात जोडले. कुणाला, ते त्यांनाही नीट ठरवता आलं नसतं.

खोलीवर परतल्यावर दीक्षाने नवा खाना केला. नावांआधीचे मान उचलून तिकडे हलवायला लागली, तेव्हा गोपाळकृष्ण तिच्या मागे उभे राहून पुटपुटत होते. एकेका बुवांची माफी मागत होते. नोंदी लाखांत असल्याने माफी मागे पडली आणि काम पुढे निघून गेलं, तेव्हा त्यांनी सगळ्यांची मिळून एकदाच मागितली. मग नुसत्या नावांवर इंडेक्स लागला. तो लागायला मात्र जरा वेळ गेला, म्हणून सवयीने ते चहा टाकायला उठले.

“बसा, काका. टाका आता नाव.”

त्यांनी टाइप केलं: मथुराबाई. आयुष्यात पहिल्यांदाच नुसतं. बोट उचलेपर्यंत नोंदी समोर होत्या. गोल फिरलाच नाही. गोपाळकृष्ण त्या जागी पाहत राहिले, जिथे गोल असायचा.

“आहेत की ह्या,” दीक्षा म्हणाली. “ही सुदाम्याची दिसतेय. पण काका, मानाच्या खान्यात हे ‘वै.’ काय आहे?”

गोपाळकृष्ण वाकले. वाचलं. पुन्हा वाचलं. आणि खुर्चीत बसले.

वै. म्हणजे वैकुंठवासी. आपल्याकडे कीर्तनकार मरत नाहीत, त्यांच्या नावाआधी आणखी एक मान लागतो. त्या कॅसेटी एका फार जुन्या खोक्यातल्या होत्या. त्यातली सगळी नावं टाइप करताना गोपाळकृष्णांनी विचार केला होता की इतक्या जुन्या खोक्यातलं आता कोण उरलं असेल, आणि साऱ्या खोक्याला सरसकट ‘वै. ह.भ.प.’ चिकटवून दिलं होतं. समोरच्या गॅलरीत बाई रोज बसलेल्या असताना. म्हणूनच ‘ह.भ.प. मथुराबाई’ अशी हाक मारल्यावर संगणकाने नोंद नाही म्हणून सांगितलं होतं. त्याच्या मते त्या केव्हाच वर गेल्या होत्या.

“काका, तुम्ही त्यांना मारलंत,” दीक्षा म्हणाली. हसू दाबत होती, पण ते दबत नव्हतं.

“सन्मानाने,” गोपाळकृष्ण क्षीणपणे म्हणाले.

नोंदी दीक्षाच्या लॅपटॉपवर घेऊन दोघं पुन्हा गल्ली ओलांडून गेले. प्रेमलाने पदराला हात पुसत खुर्ची ओढली. दीक्षाने मोठा हेडफोन मथुराबाईंच्या उजव्या कानावर बसवला, आवाज जेवढा वाढेल तेवढा वाढवला. इतका, की खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येत होतं.

आधी कुणीतरी खोकलं. मग पेटी. मग एका तरण्या बाईचा खणखणीत आवाज, सुदाम्याच्या पुरचुंडीतले पोहे, बायकोने फाटक्या धडप्यात बांधलेले, द्वारकेचा तो महाल, तो द्वारपाल, आणि दारात उभा राहिलेला भिकारडा ब्राह्मण. आवाज थांबला. टाळ थांबले. क्षणभर काहीच नव्हतं.

“बरं, मग?”

पुरुषाचा आवाज, जरा पुढे झुकलेला, हाताशी काम असताना सहज विचारावं तसा.

मथुराबाईंचे ओठ हलले. “सांगते,” त्या म्हणाल्या. “सांगते की. दम घेऊ द्याल की नाही?” आणि मग कानातल्या आवाजाच्या किंचित आधी, त्यांनी पुढचं आख्यान म्हणायला सुरुवात केली. कृष्ण सिंहासनावरून उठला, धावत सुटला, शेला गळून पडला त्याचंही भान नाही. नव्वदीतला आवाज आणि तिशीतला आवाज बराच वेळ बरोबरीने चालले, कधी हा पुढे, कधी तो. पुढे आणखी दोनदा “बरं, मग?” आलं आणि दोन्ही वेळा मथुराबाईंनी उत्तर दिलं.

संपल्यावर त्यांनी हेडफोन काढला आणि बराच वेळ मांडीवर धरून ठेवला.

“पेटी चढी लागलीय,” त्या म्हणाल्या. “किती वेळा सांगितलं होतं ह्यांना.”

 मग गोपाळकृष्ण त्यांच्या उजव्या कानाशी वाकले. “मावशी, एक चूक झालीय माझ्याकडून. तुमच्या नावाआधी मी… वै. लावलंय.”

मथुराबाईंना दोनदा सांगावं लागलं. कळल्यावर त्या इतक्या हसल्या, की प्रेमला पाणी घेऊन धावत आली.

“म्हणजे मी वैकुंठातून ऐकलं हे?”

“आत्ता बदलतो. लगेच होतं आता.”

“राहू दे रे. आज काढशील आणि उद्या पुन्हा लावत बसशील. थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे.”

“मावशी,” प्रेमला म्हणाली.

“बरं, बदल. हिला वाईट वाटतंय.”

दीक्षा लॅपटॉप मिटता मिटता थांबली. “काका, साथीदाराचं नाव कुठेच नाहीये. एवढ्या नोंदी, आणि पेटीवाले, टाळवाले, पखवाजवाले कुणीच नाहीत. आणखी एक खाना करू? ह्याला मात्र इंडेक्स लावते. हा शोधला जाईल.”

गोपाळकृष्णांनी मान डोलावली. मग सवयीप्रमाणे, हात थोडे पुढे जोडून, विचारलं, “मावशी, नागोरावांच्या नावाआधी काय लावू?”

“काही लावू नकोस,” मथुराबाई म्हणाल्या. “मान लावलास तर उशिरा येतील. आधीच त्यांना उशिरा यायची खोड होती. नुसत्या नावाने हाक मार. हाक मारली की आले पाहिजेत.”

तर अशी ही गोष्ट. आता चपला सापडल्या की घरी जाल, जेवाल, आणि कुणीतरी तुम्हाला काही सांगायला बसेल, आई म्हणा, आजोबा म्हणा, बायको म्हणा, शेजारचा कुणी एकटा माणूस म्हणा. सांगता सांगता ते मध्येच थांबतील, पुढचं आठवेना म्हणून किंवा कुणी ऐकत नाहीसं वाटून. तेव्हा एवढं करा. हातातलं काम न सोडता हळूच “बरं, मग?” म्हणा, आणि म्हणताना नागोराव पेटीवाल्यांची आठवण काढा. नावाआधी काही लावायची गरज नाही.